मदत हवी आहे : आय७-३७७० की झिऑन ई३-१२४० व्ही२?

माझ्या एच६१ मदरबोर्डवर सध्या इंटेलचा आय३-२१२० प्रोसेसर आहे, तो बदलून शीर्षकातल्या दोनपैकी एक इंटेल प्रोसेसर घ्यायचाय. रॅम ८ जीबी डीडीआर३, एसएसडी, एनव्हिडियाचं जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड, लिनक्स मिंट. १०८० पिक्सेलचे व्हिडिओ एडिट करताना प्रोसेसर सतत १०० टक्क्यांवर असतो. रॅम आणि तापमान दोन्ही तपासलंय, अडचण तिथे नाही. बोर्ड बदलायचा नाही, त्यामुळे नवा रायझन (एएमडीचा प्रोसेसर) सुचवू नका.

दोन्ही प्रोसेसर आयव्ही ब्रिज या इंटेलच्या पिढीचेच, ४ कोअर, ८ थ्रेड, ८ एमबी कॅश. टर्बो (कमाल वेग) ३७७० चा ३.९, झिऑनचा ३.८ गिगाहर्ट्झ, हा फरक कामात जाणवणार नाही असं माझं मत. टीडीपी (उष्णतेचं, साधारण वीजवापराचं माप) अनुक्रमे ७७ आणि ६९ वॅट. झिऑन मात्र हजारभर रुपयांनी स्वस्त मिळतोय.

खरा फरक प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सचा. झिऑनमध्ये ते नाहीच. ३७७० मध्ये एचडी ४००० आहे, म्हणजे क्विक सिंक (व्हिडिओ एन्कोड करणारं इंटेलचं हार्डवेअर). जीटी १०३० मध्ये एनव्हेंक (एनव्हिडियाचं तसंच हार्डवेअर) नसल्याने एक्सपोर्टला हार्डवेअरची मदत हवी असेल तर तेवढीच वाट उरते.

आयव्ही ब्रिजसाठी लागणारं बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधीच केलंय. बोर्डच्या अधिकृत यादीत ३७७० आहे, झिऑन नाही.

तर नेमकं हवंय ते असं : यादीत नसताना एच६१ वर ई३ व्ही२ कुणाचा नीट चालतोय का? आणि कार्ड लावलेलं असताना एच६१ च्या बायोसमध्ये एचडी ४००० चालू ठेवता येतं का? की कार्ड लावलं की ते बंदच होतं?