मदत हवी आहे : शिक्षा वाढवून मागायला आम्ही स्वतः जाऊ शकतो का?

मामांना मार्च २०२३ मध्ये टेम्पोने उडवलं, ते जागीच गेले. महिन्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांनी चालकाला जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू) खाली दोषी ठरवून सहा महिने कैद आणि दहा हजार दंड सुनावला. अपघात १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून त्या दिवशी लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेतली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा लागू नाही हे समजलं. पण जुन्या कलमातही दोन वर्षांपर्यंत वाव होता! निकालपत्राच्या शेवटच्या पानावर कारण एकाच ओळीत आहे: आरोपीचा पहिलाच गुन्हा. मामी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला सांगतात.

सरकारी वकिलांना दोनदा भेटलो. अपील करायचं की नाही ते सरकार ठरवतं, एवढंच उत्तर मिळालं. पीडिताला निर्दोष सुटका, कमी गंभीर कलम किंवा अपुरी भरपाई यांवर अपील करता येतं, अपुऱ्या शिक्षेवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकालही वाचला. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

निकालाची नक्कल हातात आहे. भरपाईचा दावा वेगळा चालू आहे, त्याबद्दल विचारत नाही. फिर्यादी मामीच आहेत.

तर मामींना शिक्षावाढीसाठी पुनरीक्षण अर्ज (रिव्हिजन, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निकाल वरच्या न्यायालयाने तपासावा असा अर्ज) करता येईल का? सत्र न्यायालयात की थेट उच्च न्यायालयात? कोणी प्रत्यक्ष केलाय का?