डेट म्हणजे तारीख की कर्ज?

रानजाई:
आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी म्युच्युअल फंडाची माहिती सोप्या मराठीत लिहायला घेतलीय, चार पानं झाली आणि 'डेट फंड'पाशी अडले. बाबांनी मागे असाच फंड घेतला होता, विकणाऱ्याने फोनवर डेट डेट म्हटलं आणि बाबा समजले की यात डेट ठरलेली असणार, म्हणजे एफडीसारखे अमुक तारखेला पैसे हातात. तो निघाला कर्जरोख्यांत पैसे घालणारा, आणि व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचा भाव उतरतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. फार पैसे गेले नाहीत पण त्यांना झालेला मनस्ताप मी पाहिलाय. तर ही दोन डेट देवनागरीत वेगळी कशी दाखवायची?

गावठाण:
दाखवायची कशाला? 'रोखे फंड' लिहा आणि मोकळे व्हा.

रानजाई:
लिहीनच हो, पण ॲपवर आणि स्टेटमेंटवर डेटच असतं, ते ओळखता यायला नको का?

बेळगावची लेक:
आपल्याकडे ए एकच आहे ना, तिथेच घोळ होतो. कन्नडात आखूड ए वेगळा, लांब ए वेगळा, दोघांना स्वतंत्र अक्षरं. तळं म्हणजे केरे आणि धामण म्हणजे पण केरे, तळ्यातला के आखूड, धामणीतला लांब, आमच्या शेजारच्या अज्जी कधी चुकायच्या नाहीत, आणि इथे मी लिहिलं तर बघा दोन्ही सारखेच दिसतायत. कर्जाचं डेट आखूड, तारखेचं लांब. टेस्टचं तेच, परीक्षा की चव? देवनागरीत आखूड ए साठी ऎ आहे, युनिकोडमध्येही आहे, 'डॆट' लिहा.

गावठाण:
सत्तरीच्या माणसाला ती छपाईची चूक वाटेल. इंग्रजीपायी लिपी का वाकवायची? आपलं 'जरा' घ्या, थोडं या अर्थी ज वेगळा आणि म्हातारपण या अर्थी वेगळा, लिहितो एकच, तरी कोणाचं अडत नाही. संदर्भाने कळतं.

अडकित्ता:
रानजाईताईंच्या बाबांना संदर्भाने कळलं नाही ना पण. आणि लिपी काय पहिल्यांदा वाकतेय का, बॅट आणि बॉलसाठी चंद्र घेतलाच की आपण. ओळखायची खूण मात्र सोपी आहे, कर्जाच्या स्पेलिंगमध्ये बी असतो. मूळ शब्द फ्रेंचातून आला तेव्हा तो नव्हता, पंडितांनी लॅटिन 'डेबिटम' डोळ्यांपुढे ठेवून नंतर घुसवला, उच्चारात कधी आलाच नाही. डेबिट कार्डातलं डेबिट त्याच घरातलं. आमच्या ऑफिसात निम्मे लोक सरळ 'डेब्ट' म्हणतात, इंग्रजीवाले हसतील पण घोटाळा होत नाही, मला तर तेच बरं वाटतं.

गावठाण:
चुकीचा उच्चार बरा कसा? सावरकरांनी 'दिनांक' दिला तो रुळलाच ना? तसा मराठी शब्द वापरत राहिलं की रुळतो.

अडकित्ता:
रुळला, पण 'तारीख' गेली का? आणि कर्ज, तारीख हे दोन्ही मूळचे अरबी. मग मराठी कुठला म्हणायचा?

बेळगावची लेक:
यावरून आठवलं, परवा बातमीत 'पेपर स्प्रे' होतं आणि सासूबाईंनी विचारलं की कागदाचा फवारा कसला. तिथेही तोच आखूड ए. 'मिरपूड फवारा' चालेल का?

गावठाण:
चालेल, छान आहे.

अडकित्ता:
नाही चालणार. मिरपूड काळ्या मिऱ्याची, त्या डबीत असतो मिरचीचा अर्क. गंमत म्हणजे इंग्रजी शब्द आपल्या पिप्पलीवरून ग्रीक-लॅटिन फिरून गेलेला, म्हणजे काढ्यात घालतो ती पिंपळी. पिंपळीचं नाव मिऱ्याला लागलं आणि पुढे मिरचीलाही.

बेळगावची लेक:
मग मिरची हे नाव तरी मिऱ्यावरूनच ना? मरीच म्हणजे मिरे, आणि मिरची आली पोर्तुगीजांबरोबर.

गावठाण:
म्हणजे मिरपूड अगदीच चूक नाही. मी तेच लिहिणार.

अडकित्ता:
आमच्या घरी मिरपूड काळी आणि तिखट लाल, डबेसुद्धा वेगळे. 'तिखटाचा फवारा' म्हणा.