पावसाळाभर उभी गाडी आणि न पडणारा गिअर : तुमचे अनुभव सांगा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या गोव्यात मुंबई-पुण्याची आणि बोटीवरची माणसं घरी येतात, पोर्चमधल्या गाड्यांची कव्हरं निघतात. बॅटरी बदलून इंजिन सुरू होतं, पण गिअर काही पडत नाही. गॅरेजवाला फोनवरच निकाल देतो : 'क्लच गेला.' गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे गिअरबॉक्स उतरवण्याआधी तुम्ही कसं ओळखलंत? गाडी कुठे उभी होती, पेडल पायाला कसं लागलं, शेवटी काय निघालं, ते आपल्या गावाच्या नावाखाली लिहा. सुरुवात मी करते.

फोंडा

आमची गाडी मागच्या पडवीत, खाली नुसती माती. नवरा बोटीवर आणि मी स्कूटरवाली, त्यामुळे सगळा पाऊस ती तिथेच. इंजिन सुरू असताना रिव्हर्स टाकला की करकर, पहिला तर पडेचना. इंजिन बंद केलं की मात्र सगळे गिअर मुकाट पडायचे. पेडल नेहमीसारखंच.

फिटरने आधी ब्रेक ऑइलची डबी पाहिली; आमचा क्लचही त्याच तेलाच्या दाबावर चालतो. मग मला पेडल दाबायला लावून स्वतः बॉनेटमध्ये वाकला. 'सळी सरकते आहे, म्हणजे तेल आपलं काम करतंय. प्लेट चिकटली.' क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये दाबलेली असते. पेडल दाबलं की प्रेशर प्लेट मागे सरते आणि मधली प्लेट सुटी व्हायला हवी. पण ते दोन्ही पृष्ठभाग बिडाचे. आमच्याकडे पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे बिडाला गंज न चढता कसा राहील? त्या गंजाने क्लच प्लेटवरचं लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, धरून ठेवलं होतं.

इंजिन चांगलं तापू दिलं, बंद केलं. गाडी ढकलून मोकळ्या, सरळ रस्त्यावर नेली आणि समोर कोणी नाही याची खात्री केली. दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, मग चावी. गाडी स्टार्टरवरच हिसका देऊन निघाली. क्लच दाबलेलाच ठेवून फिटर अॅक्सिलरेटर द्यायचा, सोडायचा, मध्येच ब्रेक. थोड्या अंतरावर 'खाड्' असा आवाज झाला आणि इंजिन सुटं फिरू लागलं. पुढे काही दिवस पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरायची, गंज घासला गेला तशी थांबली.

म्हापसा

ताई, तुमचं पेडल वर येत होतं. माझं खाली गेलं ते तिथेच बसलं, बोटाने उचलावं लागलं. भराभर पाच-सहा वेळा पंप केलं की गिअर पडायचा, जरा थांबलं की पुन्हा तेच. पंप करून फरक पडत असेल तर प्लेटला दोष देऊ नका. मॅट उचलून पाहिली, पेडलच्या वर जिथे मास्टर सिलिंडरची (पेडल दाबलं की तेल ढकलणाऱ्या सिलिंडरची) दांडी येते तिथे ओल होती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुन्या तेलाने सिलिंडर आतून गंजतो आणि सील खातो. सिलिंडर बदलला, तेल बदललं, हवा काढली, गिअरबॉक्सला हातही लागला नाही. काही गाड्यांत क्लचकडचा खालचा सिलिंडर बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या, आत असतो, तो गळला तर मात्र उतरवण्याला पर्याय नाही.

पेडणे

जुनी, केबलवाली छोटी गाडी. पेडल दगड. केबल आवरणातच गंजली होती. तेल सोडून पाहिलं, नाही हलली. नवी घातली, विषय संपला.

डिचोली

आमचे टिपर. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि मार्च 2018 पासून पुन्हा बंद पडल्या, तेव्हा या भागात ट्रक ओळीने उभे होते. चिकटलेले क्लच मी भरपूर पाहिलेत. जड गाडीला क्लच हवेच्या मदतीवर असतो. हवेची टाकी रिकामी असताना पेडल जड लागणारच, आधी इंजिन चालू ठेवून हवेचा काटा वर येऊ द्या, मग निदान करा.

दर आठवड्याला जाऊन नुसतं इंजिन चालू करणाऱ्यांची बॅटरी वाचली, क्लच नाही. क्लच दाबलाच नाही तर प्लेट सुटणार कशी? गाडी हातभर पुढे-मागे तरी घ्यायला हवी. काही ड्रायव्हर पेडल आणि सीटमध्ये लाकूड अडकवून ठेवत. ट्रॅक्टरवाल्यांची ही जुनी रीत, पण महिनोन् महिने स्प्रिंग आणि सील दाबून ठेवणं मला पटत नाही.

आणि गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रकने ओढण्याची घाई करू नका. आमच्या शेजाऱ्यांचा असा सोडवला, तर लायनिंग प्लेटपासून उखडून फ्लायव्हीलवरच राहिलं. मग गिअर पडायचा, गाडी हलायची नाही.

मडगाव

आमचा क्लच नव्हताच! गिअर बिनआवाज पडायचा, क्लच सोडला की गाडी मागून दबायची आणि इंजिन बंद. न्यूट्रलमध्ये ढकलून पाहिली तरी जागची हलेना. हँडब्रेक ओढून ठेवला होता, मागचे ब्रेक शू ड्रमला धरले होते. ड्रमवर हातोडीच्या टिचक्या मारल्यावर सुटले. आता हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये, चाकाखाली दगड लावून ठेवतो.

वाळपई

चिकटलेला क्लच सुटला म्हणजे सुधारला असं नाही. माझा सुटला, गावात ठीक चालला. चोर्ला घाटात चौथ्यात अॅक्सिलरेटर दिला तर आरपीएम वर, वेग तेवढाच, आणि जळका वास. गिअरबॉक्स उतरवल्यावर प्लेट तेलाने काळी निघाली. इंजिनच्या क्रँकशाफ्टचं मागचं, क्लचच्या बाजूचं ऑइल सील गळत होतं. नुसती प्लेट घातली असती तर तीही भिजली असती, म्हणून आधी सील, मग प्लेट, प्रेशर प्लेट आणि तिला ढकलणारं रिलीज बेअरिंग एकदमच. मजुरी तीच, पुन्हा कोण उतरवणार! फ्लायव्हील लेथवर घासून घ्यायचं की नाही यावर गॅरेजात दोन तट पडले. नखाला चरे लागत होते, त्यामुळे मी घासून घेतलं.