टर्बो पिकअपचं खरं ॲव्हरेज: आपापल्या वह्या काढा

मंडळी, माझ्याकडे २.० लिटर डिझेल टर्बो पिकअप आहे, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. डबल कॅब, ऑटोमॅटिक. माहितीपत्रकात लिटरला १४ किलोमीटर. डॅशबोर्डवरची स्क्रीन म्हणते १२.८. आणि कप्प्यात ठेवलेली वही म्हणते ११.६. गाडी एकच. वहीत दोन वर्षांच्या ६१ नोंदी आहेत, त्यामुळे मी वहीच्या बाजूने.

तुमचेही आकडे हवेत. कंपनीचं नाव लिहू नका, नाहीतर सगळा धागा 'आमची भारी की तुमची' यातच संपेल. इंजिन, इंधन, टायर, वेग, माल एवढं पुरे. हिशेब टाकी फुल ते टाकी फुल असाच. नॉझल पहिल्यांदा 'टक' करून बंद पडलं की थांबायचं, गळ्यापर्यंत भरायचं नाही. एका टाकीची बढाई नको, निदान पाच टाक्यांची सरासरी द्या.

---

२.७ लिटर पेट्रोल टर्बो, चार सिलिंडर, हौदा बहुतेक वेळा रिकामा.

मी तीन महिने मुद्दाम एकाच सपाट हायवेवर मोजलं. क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप एकसारखा धरून ठेवणारी सोय) ९५ वर लावून ११.९. त्याच रस्त्यावर १२० ला ८.८. इंजिन तेच, उजवा पायसुद्धा गुंडाळून ठेवलेला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून १२० वर गेलात की तो ४४ टक्के जास्त. कारला हे जाणवतं, पिकअपला झोंबतं, कारण आपण भिंत घेऊन पळतोय. प्रयोगशाळेतल्या चाचणीत एवढा वेळ या वेगाला मिळतच नाही. युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीचा सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर आहे. मग माहितीपत्रक आणि वही जुळणार कशी?

---

३.५ लिटर व्ही-६ पेट्रोल, दोन टर्बो. आधी मोठं व्ही-८ होतं, बिनटर्बोचं.

रिकामी असताना ९.३ देते, व्ही-८ ७.६ द्यायचं. इथपर्यंत खूश. मग कॅरव्हॅन, म्हणजे मागे ओढायचं चाकांवरचं घर, जोडली. वजन १६०० किलो, पण उंच आणि चौकोनी. ४.९! व्ही-८ सुद्धा याच कॅरव्हॅनला ४.८ द्यायचं. म्हणजे ओढायला लागलो की टर्बोचा फायदा वाऱ्यावर गेला. गंमत पुढे आहे: त्याच गाडीने सपाट ट्रेलरवर २४०० किलो विटा नेल्या, आणि ॲव्हरेज ६.२ आलं. वजन दीडपट, तरी पेट्रोल कमी. सपाट रस्त्यावर वजनापेक्षा समोरचा पसारा जास्त खातो, हे मला विटांनी शिकवलं.

---

वरच्यांना थोडं कारण सांगतो, माझा इंजिन बांधायचा धंदा आहे.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर फिरणारा पंखा, आणि त्याच दांड्यावर हवा आत ढकलणारा दुसरा पंखा. अल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून कल्पना हीच: वाया जाणारी ऊर्जा वापरा. पण जास्त हवा आत गेली की तिच्या जोडीला इंधनही जास्त लागतं. पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवेला १ किलो हे प्रमाण. म्हणजे टर्बो दाबात नसताना तुम्ही छोटं इंजिन चालवता, दाबात असताना मोठं. त्यातून पेट्रोल टर्बो फार ताणलं की कंट्रोल युनिट मुद्दाम जादा पेट्रोल मारतं, कारण न जळलेलं पेट्रोल वाफ होताना आतलं तापमान उतरवतं. ते पेट्रोल गाडी ओढत नाही, इंजिन वाचवतं. उंच कॅरव्हॅनला ४.९ येण्यात त्याचाही वाटा असणार. डिझेलला ही सवय नाही, ते कायम जादा हवेत जळतं. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाच १०-१२ टक्के जास्त असते, तेव्हा दोघांचे आकडे शेजारी ठेवून भांडू नका.

---

२.८ डिझेल. १०.४ होतं, ९.३ झालं. कारण: हौसेने ३१ इंचाचे काढून ३३ इंचाचे जाड नक्षीचे टायर टाकले.

पण थांबा, सगळा दोष टायरचा नाही. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, मीटरला ते कळत नाही. ३३ भागिले ३१, म्हणजे खरं अंतर मीटरपेक्षा साडेसहा टक्के जास्त. खरा आकडा ९.९ निघाला. अर्धा तोटा कागदावरचाच! स्पीडोमीटरही तेवढाच खोटं बोलतो हे विसरू नका. मला त्याची आठवण रस्त्यावरच्या वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याने करून दिली.

---

माझं दुखणं वेगळं होतं. २.५ डिझेल, १२ च्या खाली कधी नाही, आणि दोन महिन्यांत साडेनऊवर. इंजेक्टर साफ केले, एअर फिल्टर बदलला, टायरची हवा चेक केली. एका गॅरेजने तर टर्बोच बदलायला सांगितला. चढावर मागे काळा धूर आणि बॉनेटखालून एक बारीक शीळ, 'सीऽऽ' अशी, फक्त रेस दिल्यावर. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी होजवरून बोट फिरवलं आणि तेलकट काळं बोट मला दाखवलं. क्लॅम्पच्या कडेला होज चिरला होता. नुसता बघितला तर धडधाकट, हाताने वाकवला की नखाएवढी फट उघडायची. दाबलेली हवा बाहेर, डिझेल मात्र पूर्ण हिशेबाने आत. होज आणि दोन क्लॅम्प बदलले, पुढच्या टाकीला ११.८. टर्बो अजून जुनाच आहे. तेव्हा ॲव्हरेज अचानक पडलं तर आधी कान लावा, मग खिशात हात घाला.

---

रोजचा प्रवास ४ किलोमीटर जाऊन, ४ येऊन. डिझेल. ८.१.

हसू नका. इंजिन गरम व्हायच्या आत पोचतो. वर डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. काजळी साठली की ती जाळायला गाडी जादा डिझेल मारून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवते, आणि मी नेमका तेव्हाच गाडी बंद करून घरात शिरतो. मग उद्या पुन्हा पहिल्यापासून. आता खूण ओळखायला लागलोय: उभ्या गाडीचे आरपीएम ७५० चे १००० होतात, पंखा घोंघावतो, करपट गरम वास येतो. असं झालं की वीस मिनिटं हायवेला फिरवून आणतो. लांबच्या प्रवासात हीच गाडी ११.५ देते. खरं तर मला पिकअपच नको होती, सायकल हवी होती.

---

फाळका उघडा ठेवून चालवा, ॲव्हरेज वाढतं असं मला दहा जणांनी सांगितलंय. मी मोजलं. सहा टाक्या बंद फाळक्याने १०.८, सहा उघड्याने १०.६. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकते. उघडला की तो मोडतो. ताडपत्रीचं ताणून बसवलेलं कव्हर टाकल्यावर ११.१ झालं. सैल ताडपत्री मात्र फडफडते आणि डोकं खाते.

---

मधमाश्यांच्या पेट्या नेतो, रात्रीच, घाटातून, २२०० मीटरपर्यंत. १.९ डिझेल.

बिनटर्बोचं इंजिन हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. जुन्या गाडीत वर पोचेपर्यंत दुसरा गिअर सुटायचा नाही. ही तिसऱ्यात चढते. जाऊन-येऊन ११.२, पेट्यांसकट. ५० च्या वर जातच नाही, माश्या चिडतात. वरचा ९५ आणि १२० चा हिशेब वाचून वाटलं, माझं ॲव्हरेज माश्याच सांभाळतायत.

---

धागा काढणारा पुन्हा आलोय. तुमचं वाचून वही नीट चाळली. ६१ पैकी १९ नोंदी बायकोच्या अक्षरात आहेत. त्या वेगळ्या काढल्या: १२.५. माझ्या ४२: ११.२. रस्ता तोच, पंप तोच. तिला अजून सांगितलेलं नाही.