ध्रुवीय रात्रीतले गाळातले जीव

कुणालाही वाटेल की ध्रुवावर हिवाळ्यात ऊन नाही, म्हणजे समुद्रतळाचे सूक्ष्म जीव उपाशी मरत असणार. तसं सरसकट होत नाही हो. उन्हाळ्यात बर्फ वितळला की पाण्यात शेवाळ फोफावतं, मरून तळाशी बसतं आणि गारठ्यात सावकाश कुजतं. आपण पावसाळ्याआधी पुरुमेंत (घरातला बेगमीचा साठा) भरतो, तसा तो साठा पुढे पुरतो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या खोल गाळात म्हणूनच ऋतूंचा फरक बोथट दिसतो. उथळ किनाऱ्यावर मात्र हिमखंड तळच खरवडतात, तिथलं गणित वेगळं. हे जीव बघायचे तर रोझ बेंगाल या गुलाबी रंगद्रव्याने रंगवलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघा: १ मिलिमीटरहूनही लहान, गुलाबी सूत्रकृमीच (धाग्यासारखे बारीक कृमी) बहुधा जास्त. आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर तर पावसाळी लाटा अशा जिवांची वाळूच उचलून नेतात!