मदत हवी आहे: प्रतिजैविक दिलेल्या गाईच्या दुधाचं करायचं काय?

कासदाहावर प्रतिजैविक दिल्यावर लेबलवरची मुदत संपेपर्यंत दूध विकायचं नाही, हे ठरलेलं. पण ते टाकायचं कुठे? वासरांना पाजलं तर त्यांच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. ६३ अंशांवर ३० मिनिटं तापवून रोगजंतू मरतात, औषध बहुतेक तसंच राहतं. ओढ्यात तर नकोच. दूध कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. शेणाच्या ढिगात मिसळून ५५ अंशांच्या वर १५ दिवस, ५ वेळा पालटून कुजवलं की टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक बरंच घटतं. एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं प्रतिजैविक मात्र चिवट. अडचण ओलीची आहे: ६० टक्क्यांपुढे गेली की ढीग तापत नाही, नुसती घाण सुटते. १०० किलो शेणाला दूध किती, कोरडा भुसा किती घालता? ढिगात थर्मामीटर खुपसून पाहिलेल्यांनी आकडे द्यावेत.