पोलीस मुख्यालयाच्या माथ्यावर समुद्रदेव कसा?

प्रश्न
मुंबईत रिगल सिनेमासमोरच्या महाराष्ट्र पोलीस मुख्यालयाच्या त्रिकोणी माथ्यावर समुद्रदेव नेपच्यून कोरलेला आहे. पोलिसांच्या वास्तूवर हे शिल्प कसे आले आणि फोर्टमधील इतर जुन्या इमारतींचे उपयोगही असेच बदलत गेले का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
ही वास्तू मुळात खलाशांच्या निवासासाठी बांधलेली आहे, म्हणून तिच्या माथ्यावर समुद्रदेव आहे. एडिंबरोचे ड्यूक आल्फ्रेड १८७० साली मुंबईत आले, त्या भेटीच्या स्मरणार्थ बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मोठी देणगी दिली आणि पुढे व्हीटी स्थानक उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७६ साली ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ पूर्ण झाले. १९२८ साली ते मुंबईच्या कायदेमंडळासाठी घेण्यात आले आणि लोक त्याला ‘कौन्सिल हॉल’ म्हणू लागले. मला स्वतःला हाच काळ सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण राज्य पुनर्रचनेवरील वादळी चर्चा इथेच झाल्या आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेले मोर्चे याच दिशेने येत होते. तरीही या इतिहासाची आठवण आज फारच थोड्यांना आहे. १९८१ साली नरिमन पॉइंटला नवे विधान भवन झाले आणि पुढच्या वर्षी इथे पोलीस मुख्यालय आले.

प्रतिसाद २
जुने सचिवालयही (१८७४) असेच बदलले. तिथे आता शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरते. या दोन्ही वास्तू टिकल्या, कारण त्या अखंडपणे एकेका सरकारी संस्थेकडे राहिल्या. याउलट काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल पाहावे. इंग्लंडमध्ये घडवलेला लोखंडी सांगाडा इथे आणून उभारलेल्या या इमारतीत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे चित्रपट भारतात प्रथम दाखवले गेले. पण हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांच्या आडभिंती घालून लहान कचेऱ्या आणि बिऱ्हाडे झाली, देखभालीची जबाबदारी कोणाचीच उरली नाही, २००५ साली दर्शनी भागाचा काही भाग कोसळला आणि २०१९ साली इमारत रिकामी करावी लागली.

प्रतिसाद ३
वॉटसनच्या बाबतीत केवळ विभागणीला दोष देणे मला पटत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या इमारतींची भाडी इतकी गोठली की त्यांतून साधी डागडुजीही भागेना, आणि भाडेकरूंनाही जागा सोडणे परवडेना. सरकारी वास्तूंच्या दुरुस्तीचा खर्च तिजोरीतून होतो. त्यामुळे या दोहोंची तुलना करताना पैसा कुठून येतो, हे आधी पाहायला हवे.